लांगझ्यात बारा दिवस : माणूस आवडला की मुक्काम?

चांदणवेल (२ सप्टेंबर)

नमस्कार. मी इथे बरीच वर्षे केवळ वाचक आहे. स्वतःहून धागा काढण्याची ही पहिलीच वेळ, आणि विषय खासगी असल्यामुळे आठवडाभर विचार करून लिहिते आहे.

मी पुण्यात राहते, वय एकतीस. फेब्रुवारीत माझा साखरपुडा झाला आणि मे महिन्यात, लग्नाला तीन आठवडे उरले असताना, समोरच्या घरून नकार आला. कारण सांगितले गेले नाही. कार्यालय ठरले होते, पत्रिका छापून आल्या होत्या, निम्म्या वाटूनही झाल्या होत्या. उरलेल्या पत्रिकांचा खोका आईने पलंगाखाली सरकवला आणि त्यानंतर त्या खोलीत केर काढताना आमच्या घरात कोणी काही बोलेनासे झाले. जून-जुलै मी ऑफिस आणि घर यापलीकडे काही केले नाही. ऑगस्टमध्ये साठलेली रजा घेतली आणि एकटीच हिमाचलमधल्या स्पीतीला निघाले. शिमला, रामपूर, नाको, ताबो, काझा, आणि काझ्याच्या वरच्या अंगाला सुमारे ४,४०० मीटर उंचीवर असलेले लांगझा. तिथे दोन रात्रींपुरते होमस्टे ठरवले होते.

दोनाचे बारा दिवस झाले. मलिंग नाल्यापाशी दरड कोसळून किन्नौरची वाट बंद झाली, आणि मनालीच्या बाजूला छतडूजवळ ओढ्यांना पूर आल्यामुळे कुंझुम खिंडीतूनही गाड्या येईनात. घरात त्या वेळी मटारची तोडणी चालली होती. नुसते बसून राहवेना, म्हणून तिसऱ्या दिवशी मीही शेतात उतरले. शेंगा तोडून पाठीवरच्या टोपलीत टाकायच्या, टोपली भरली की पोत्यात रिकामी करायची, आणि चार पावले चढले की दम लागतो म्हणून थांबायचे. माझ्यासाठी थांबणारा जो होता, तो त्या घरचा धाकटा मुलगा. वय चौतीस. तिथल्या जुन्या रीतीप्रमाणे जमीन थोरल्याची आणि धाकट्याने गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, जायचे, म्हणून तो नवव्या वर्षी गोम्पात गेला, सतराव्या वर्षी आपल्या मर्जीने बाहेर पडला, शिमल्याला शिकला आणि परत येऊन पाहुण्यांची व्यवस्था बघू लागला.

एका संध्याकाळी ओढ्याच्या काठाने चालताना त्याने एक काळा गोटा उचलून माझ्या हातात दिला. गोटा दुभंगलेला होता आणि आत गोगलगायीसारखे वेटोळे होते. मी म्हणाले, असा आमच्या आजीच्या देव्हाऱ्यात आहे, आम्ही त्याला शाळिग्राम म्हणतो. तो म्हणाला, इथे पूर्वी समुद्र होता. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत, कारण गंडकीतला शाळिग्राम आणि लांगझ्याचा गोटा हे दोन्ही टेथिस नावाच्या प्राचीन समुद्रातल्या एकाच जातकुळीच्या जिवांचे अवशेष. मी तो धरून बराच वेळ बसले आणि मे महिन्यानंतर पहिल्यांदा रडले. त्याने काही विचारले नाही. माझे रडून झाल्यावर त्याने गोटा मागून घेतला आणि जिथून उचलला होता तिथेच, वेटोळे खालच्या बाजूला करून, पुन्हा ठेवून दिला. इथून कोणी काही न्यायचे नाही, एवढेच म्हणाला.

मला तो आवडला. निघायच्या आदल्या रात्री त्यानेही तसेच सांगितले. आता पुण्यात परतल्यावर एकच प्रश्न मनातून जात नाही. मला तो माणूस आवडला, की ते डोंगर, ती सक्तीची सुटी आणि दुखावलेल्या मनाला मिळालेला विसावा आवडला? या दोन गोष्टी वेगळ्या कशा करायच्या? ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी कृपया लिहावे.

हिरवाचाफा

गोटा परत ठेवणारा माणूस मला तरी आवडला. बाकीचे जाणकार लिहितीलच.

दत्तूकाका_सातारा

चांदणवेल, तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून मोकळेपणाने लिहितो. लग्न मोडल्यावर तीन महिन्यांत कोणताही मोठा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओल्या भिंतीवर रंग बसत नाही. तो मुलगा वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण नोकरी पुण्यात आणि घर अशा गावात की जिथे वर्षातले कितीतरी महिने बर्फ, हे अंतर प्रेमाने भरून निघते असे मानून चालू नये. एक वर्ष थांब.

मनोवाचक

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. तुमच्या प्रश्नाला आमच्या विषयात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९७४ साली डटन आणि आरॉन या संशोधकांनी कॅनडातील व्हँकुव्हरजवळच्या कॅपिलानो येथील झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. खोल दरीवरचा हलणारा पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना वाटेत एक तरुणी भेटे, प्रश्नावली भरून घेई आणि आपला फोन नंबर देई. वरच्या अंगाच्या भक्कम, बुटक्या पुलावरही हेच केले गेले. नंतर तिला फोन करणाऱ्यांचे प्रमाण झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्यांत निम्मे भरले आणि भक्कम पुलावरच्यांत सुमारे अष्टमांश. भीतीने धडधडणारे हृदय आपण समोरच्या माणसाच्या खात्यावर लिहितो, असा अर्थ त्यांनी लावला.

आता ४,४०० मीटरवर हृदय तसेही जोरात चालते. त्यामुळे दत्तूकाकांच्या थांबण्याच्या सल्ल्याशी मी सहमत आहे. ‘वर्ष’ ही मुदत मात्र मला मनमानी वाटते. कॅलेंडर पुढे सरकल्याने काही कळत नाही. त्या माणसाला सपाट जमिनीवर पाहिले पाहिजे.

चांदणवेल

मनोवाचक, तुमचे वाचून मला चिचमचा पूल आठवला. किब्बर आणि चिचम या गावांच्या मधल्या दरीवर २०१७ मध्ये पूल झाला. त्याआधी लोक तारेवरच्या पाळण्यात बसून ती दरी ओलांडत. आम्ही त्या पुलावर गेलो होतो आणि खाली पाहून माझे पाय लटपटले होते, हे मान्य करते. पण मला त्या पुलावर काही वाटले नाही. जे वाटले ते स्वयंपाकघरात, तो थोरल्या भावाच्या मुलीची वेणी घालत असताना.

मनोवाचक

मग माझ्या उदाहरणाचे वजन तुमच्या बाबतीत बरेच कमी झाले, हे मीही मान्य करते.

सुलभा_मडगाव

माझा अनुभव लिहिते. लांबेल, पण लिहिते.

मी मूळची कोल्हापूरची. १९८६ साली माझे ठरलेले लग्न देण्याघेण्यावरून फिसकटले आणि चार लोकांच्या प्रश्नांपासून दूर राहावे म्हणून आईने मला मे महिन्यात मावशीकडे मडगावला धाडले. मावशीच्या शेजारी एक ख्रिश्चन कुटुंब होते आणि त्यांचा मुलगा जहाजावर खलाशी होता. नऊ महिने समुद्रावर आणि तीन महिने घरी, अशी त्याची नोकरी. तो त्या वेळी घरी होता. संध्याकाळी आम्ही सगळी मुले कोलव्याच्या किनाऱ्यावर जात असू. मला त्या महिन्यात असे वाटले की मी दुसऱ्याच कोणाचे तरी आयुष्य जगते आहे आणि ते माझ्या आयुष्यापेक्षा चांगले आहे. जून लागला, मी कोल्हापूरला गेले, तो जहाजावर गेला, आणि मग पत्रे. कधी एका बंदरातून दोन पत्रे एकदम यायची, कधी दोन महिने एकही नाही. चांदणवेल, मी त्याला खरी ओळखले ती पत्रांतून. किनाऱ्यावर तो सगळ्यांना हसवणारा मुलगा होता. पत्रांत कळले की त्याला रात्रपाळीत भीती वाटते आणि बापाशी त्याचे बोलणे नाही.

१९८८ मध्ये आम्ही लग्न केले. गोव्यात लग्न म्हणजे आधी सरकारी नोंदणी. रजिस्ट्रारपुढे प्रथम इरादा जाहीर करायचा आणि नंतर पुन्हा जाऊन सही करायची. धर्म कोणताही असो, पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा सगळ्यांना एकच, आणि वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता निम्मीनिम्मी. माझ्या वडिलांनी जन्मभर धर्माची काळजी केली, पण ‘घर निम्मे तुझ्या नावावर’ हे ऐकल्यावर ते पहिल्यांदा माझ्या घरी जेवायला आले. आमचे पहिले कडाक्याचे भांडण धर्मावरून झालेच नाही. ते पहिल्या पावसाळ्यात झाले, कारण मला कोंदट हवेत झोप येत नसे आणि तो खिडक्या उघडू देत नसे.

म्हणून सांगते, जूनमध्ये बघ त्याला. म्हणजे त्याचा जो जून असेल त्यात.

कोकणकडा

सुलभाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ‘त्याचा जो जून असेल’ यावर माझे पूर्ण अनुमोदन.

पश्चिमवारा_डब्लिन

दुसरी बाजूही यावी, म्हणून लिहितो. घटस्फोटानंतर मी लिस्बनला दहा दिवस गेलो होतो. अल्फामा या जुन्या वस्तीत एका खाणावळीत फाडो, म्हणजे तिथली विरहगीते, ऐकताना एका पोर्तुगीज शिक्षिकेशी ओळख झाली. चढाच्या अरुंद गल्ल्या, खाली तेजो नदी, रात्री उशिरापर्यंत गप्पा. मी डब्लिनला परतलो तो माणूस म्हणून पुन्हा जिवंत होऊन. नोव्हेंबरमध्ये ती माझ्याकडे आली. साडेचारला अंधार, सतत पाऊस, आणि मी सकाळी सातला कामावर. पाचव्या दिवशी आम्ही दोघे जेवणाच्या टेबलावर गप्प बसलो होतो आणि दोघांनाही कळले. आम्ही चांगल्या शब्दांत निरोप घेतला.

पण ती दहा दिवसांची गोष्ट खोटी होती असे मी कधीही म्हणणार नाही. त्यांनी मला उभे केले. प्रत्येक प्रेमाने लग्नापर्यंत गेलेच पाहिजे, नाहीतर ते भ्रम ठरावे, हा हिशेब मला मान्य नाही. चांदणवेल, ‘माणूस की मुक्काम’ असा प्रश्न विचारताना मुक्काम म्हणजे कमी प्रतीचे काहीतरी, असे धरून चालू नका.

मृण्मयी_ठाणे

पश्चिमवारा यांचे पटले, तरी मला त्याच्याही अलीकडे जायचे आहे. मूळ पोस्टमध्ये मला सर्वांत जास्त जाणवला तो पलंगाखालचा खोका. ज्या घरात कारण न सांगता नकार आला आणि त्यावर कोणी बोलतही नाही, तिथे त्या दुःखाचे सुतक पाळलेच गेलेले नाही. माझाही साखरपुडा मोडला आहे, म्हणून लिहिते. माणूस गेला तर लोक भेटायला येतात. ठरलेले लग्न मोडले तर लोक फोन करायचे टाळतात. तुम्ही लांगझ्यात रडलात, कारण तिथे रडायला मोकळीक होती. ही मोकळीक पुण्यातल्या घरातही मिळाली पाहिजे, मग तो तुमच्या आयुष्यात येवो अथवा न येवो. आईशी बोला.

वाटाणा_सासवड

थोडे अवांतर, पण मला राहवत नाही. मी पुरंदरचा वाटाणा पिकवणारा शेतकरी आहे. आमचा माल पावसाळ्यात निघतो आणि स्पीतीचा मटारही त्याच सुमाराला उतरतो, कारण मैदानी भागात तेव्हा हे पीक नसते. दोघांचेही सगळे गणित त्या बिगरहंगामी भावावर. तोडणी एक दिवस लांबली की शेंग जून होते आणि पट्टी खाली येते. तिथे तर दरड कोसळून रस्ता बंद होता. ताई, त्या बारा दिवसांत तुम्हाला सुटी होती, पण त्या घराची भरलेली पोती दारात अडकून पडली होती. अशा वेळी घरातला पुरुष बायकामुलांवर ओरडतो की नाही, हे तुम्ही पाहिले असेलच. मला विचाराल तर माणूस ओळखायला तेवढे पुरेसे आहे.

चांदणवेल

वाटाणा_सासवड, ही बाजू माझ्या ध्यानातच आली नव्हती. पोती खरोखरच अडकली होती. रोज सकाळी तो शेंगा पसरून वारा द्यायचा आणि संध्याकाळी सावलीत घ्यायचा. थोरला भाऊ चिडत असे. तो स्वतः मात्र चिडला नाही, पण रात्री जेवत नसे, हे मी पाहिले होते आणि त्याचा अर्थ आज लागला.

मृण्मयी, आईशी बोलायचा प्रयत्न करते.

कायदेवाचक

भावनेबद्दल इतरांनी पुरेसे लिहिले आहे, मी व्यवहाराचे लिहितो. स्पीतीतला बोध, म्हणजे बौद्धधर्मीय, समाज अनुसूचित जमातींत मोडतो. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा बौद्धांना लागू असला तरी, कलम २(२) नुसार केंद्राने तशी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ चेही तसेच, त्यामुळे वारसा रूढीने चालतो. उद्या वेळ आलीच तर विशेष विवाह कायदा, १९५४ हा सरळ मार्ग आहे. दोघांपैकी एक जण किमान ३० दिवस राहत असलेल्या जिल्ह्यातील विवाह अधिकाऱ्याला नोटीस, त्यानंतर ३० दिवसांची मुदत, आणि तीन साक्षीदार. शिवाय हिमाचलच्या १९७२ च्या कूळकायद्यातील कलम ११८ मुळे बाहेरच्या बिगरशेतकऱ्याला तिथे सहजासहजी जमीन घेता येत नाही. जमीन थोरल्याची असेल, तर होमस्टे कोणाच्या नावावर आहे, हे त्याला स्पष्ट विचारावे. विचारण्यात काहीही गैर नाही.

आडवाट

मी स्पीतीला तीनदा गेलो आहे, त्यातून एकदा जानेवारीत, किब्बरला हिमबिबट्या पाहण्यासाठी. कायदेवाचक यांच्या मुद्द्याला जोडून सांगतो. तिथे थोरल्या मुलाचा संसार सुरू झाला की आईवडील मोठे घर, म्हणजे ‘खांगछेन’, त्याच्या हवाली करून स्वतः ‘खांगछुंग’ या धाकट्या घरात राहायला जातात. आपल्याकडे सासू-सुनेत जे जन्मभर चालते, ते तिथे रीतीनेच सोडवले आहे. पण त्या व्यवस्थेत धाकट्या मुलाची जागा गोम्पात होती. तो तिथून बाहेर पडला, म्हणजे त्याची स्वतःची जागा त्याला नव्याने तयार करावी लागली असणार. हे धैर्याचे काम आहे.

आणि हिवाळा पाहिल्याशिवाय ठरवू नका. रात्री पारा उणे २५ पर्यंत उतरतो. नळ गोठतात, पाणी दुरून आणावे लागते, शौचालय कोरडे, माती आणि राख टाकण्याचे. सगळे घर एका खोलीत, लोखंडी तंदूरच्या, म्हणजे ऊब देणाऱ्या शेगडीच्या, भोवती. दिवसाचे कित्येक तास कोणी बोलत नाही. ती शांतता ज्याला सोसते त्यालाच ते गाव सोसते.

निळीशाई

सुलभाताईंच्या पत्रांवरून आठवले. प्रद्युम्न कुमार महानंदिया हे ओडिशातल्या दलित कुटुंबातले चित्रकार दिल्लीत कॅनॉट प्लेसच्या कारंज्यापाशी बसून लोकांची चित्रे काढत. डिसेंबर १९७५ मध्ये स्वीडनची शार्लोट फॉन शेडविन त्यांच्यासमोर चित्र काढून घ्यायला बसली आणि दोघांचे प्रेम जमले. ती परत गेली. पुढे वर्षभराहून अधिक काळ केवळ पत्रे. १९७७ मध्ये महानंदिया सायकलवर बसून अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान अशा वाटेने युरोपला निघाले आणि तिच्याजवळ पोहोचले. लोक त्यांची सायकल लक्षात ठेवतात. मला त्याआधीचे ते पत्रांचे वर्ष जास्त महत्त्वाचे वाटते.

चांदणवेल (२९ सप्टेंबर)

निळीशाई, आज पोस्टमनने कार्ड आणून दिले. लांगझ्याच्या शेजारी हिक्किमला १९८३ पासून टपालघर आहे, तिथला शिक्का आहे. हिंदीत दोनच ओळी आहेत : मटार गेला, भाव निम्मा मिळाला. तुमची टोपी इथेच राहिली आहे, पुतणी घालते.

मी ते कार्ड आईला दाखवले. मग आम्ही बोललो. पहाटेपर्यंत.

दत्तूकाका_सातारा

भाव निम्मा मिळाला हे त्याने लपवले नाही. मुला, शाबास.

चांदणवेल (२४ जानेवारी)

धागा वर काढते आहे. इतक्या जणांनी मनापासून लिहिले, तर पुढे काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

हिवाळ्यात होमस्टे बंद असते, म्हणून तो महिन्याच्या सुरुवातीला पुण्यात आला आणि अठरा दिवस राहिला, माझ्या मामाकडे. मनोवाचक, आमची जमीन सपाट होती. पहिले चार दिवस त्याला वाहनांच्या आवाजाने झोप लागली नाही आणि तो पहाटे गच्चीवर जाऊन बसत असे. घरात कोणी भांडी घासताना नळ सोडला की तो न बोलता उठून नळ बारीक करी. आईला ते आधी खटकले, आठवड्याने ती स्वतःच तसे करू लागली. मी ऑफिसातून थकून येई आणि गप्प बसे, आणि त्यालाही गप्प बसता येत होते. पश्चिमवारा, तुमचे ते जेवणाचे टेबल माझ्या रोज मनात होते.

भांडणही झाले. मी लांगझ्याला राहायला येणार, असे त्याने मला न विचारता भावाला सांगून ठेवले होते. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्यासमोर भावाला फोन लावला आणि ‘मी चुकीचे सांगितले, अजून काही ठरलेले नाही’ असे म्हणाला. त्यानंतर मी कायदेवाचक यांचा प्रश्न विचारला. होमस्टे भावाच्या नावावर आहे, पाहुण्यांच्या पैशांतला तिसरा हिस्सा याचा. त्याने एका वहीत सगळे लिहून ठेवले आहे, ती वही तो सोबत घेऊन आला होता.

पलंगाखालचा खोका आता तिथे नाही. त्याला मराठी शिकायचे होते, आणि घरात कोरा जाड कागद शोधताना आईनेच तो खोका ओढून बाहेर काढला. पत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर तिने त्याला अक्षरे गिरवायला दिली. तो मान खाली घालून ‘ळ’ गिरवत होता, कारण तो त्याला म्हणता येत नाही, आणि आई शेजारी बसून शाळिग्राम, शाळिग्राम असे म्हणून दाखवत होती.

ठरलेले अजूनही काही नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी शिमला-किन्नौर वाटेने तिकडे जाते आहे, तीन आठवड्यांसाठी. आडवाट, लोकरीचे मोजे किती जोड घ्यावेत?

आडवाट

चार जोड घ्या, झोपताना घालायचा जोड वेगळा ठेवा. पाण्याची बाटली आणि फोन रात्री पांघरुणात घेऊन झोपा, बाहेर राहिले तर सकाळी बाटली फोडावी लागते आणि फोन सुरू होत नाही. मलिंग नाला सकाळी लवकर ओलांडा, ऊन चढले की वरून दगड सुटतात.